राष्ट्रीय उद्यानात सहकुटुंब एक दिवस: आधी पाय, मग चाकं

पहिल्यांदाच राष्ट्रीय उद्यानात निघालेलं कुटुंब दिवस बहुधा असा आखतं: सकाळी आरामात निघायचं, रस्त्यात लागेल ती प्रेक्षणीय जागा बघायची, फोटो काढायचे, जेवायचं आणि मग दुपारी तीनच्या सुमाराला जरा चालून येऊ म्हणायचं. तोवर मुलं पेंगुळलेली असतात, ऊन तापलेलं असतं, पार्किंग भरलेलं असतं आणि पायवाट सुरू होण्याआधीच मोठ्यांची आपापसांत धुसफूस सुरू झालेली असते. हा क्रम उलटा करा. चालायचं ते सकाळी, गाडीतून बघायचं ते दुपारी. सकाळी प्राणी-पक्षी जास्त दिसतात, हवा गार असते, पाय ताजे असतात आणि उशीर झालाच तरी पुढे उजेडाचे बरेच तास हातात असतात. दुपारी दमलेल्या माणसाला गाडीच्या खिडकीतून दरी बघायला काहीच हरकत नसते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका क्रमाभोवती बांधलेल्या आहेत.

१. आधी विचारा: इथे पायी चालता येतं का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण पहिला हाच. राष्ट्रीय उद्यान या एका नावाखाली जगभर फार वेगवेगळे प्रकार येतात. अमेरिकेतलं यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचं. तिथे शेकडो किलोमीटरच्या पायवाटा आहेत आणि दिवसभराच्या भटकंतीसाठी बहुतेक ठिकाणी तुमचं तुम्ही चालू शकता. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरमध्ये मात्र नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून खाली पाय ठेवायलाही बंदी आहे. चालायचंच असेल तर सशस्त्र मार्गदर्शकासोबत जावं लागतं आणि त्या फेरीला बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. क्रोएशियातल्या प्लिटवित्से उद्यानात तळ्यांच्या काठाने आणि धबधब्यांवरून लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, चालायला सोप्या. पण तिथे पोहायला मनाई आहे, त्यामुळे मुलांना आदल्या दिवशी भलतं आश्वासन देऊन ठेवू नका.

हे सगळं उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. प्रवासाचे व्हिडिओ हुरूप आणायला चांगले, पण दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली वाट दरड कोसळून बंद झालेली असू शकते, पूल वाहून गेलेला असू शकतो किंवा पिलांच्या हंगामामुळे तेवढा भाग कुंपण घालून बंद केलेला असू शकतो. ‘सध्याची परिस्थिती’, ‘सूचना’ किंवा ‘बंद वाटा’ अशा नावाचं पान बहुतेक उद्यानांच्या संकेतस्थळावर असतं. तेवढं एक पान वाचलं तरी अर्धी तयारी झाली.

२. प्रवेश, परवाना आणि गाडी कुठे ठेवायची

तिकीट दारावर मिळेलच असं गृहीत धरू नका. गर्दीच्या उद्यानांत ठरावीक तासाची प्रवेशिका आधी काढावी लागते, तर काही ठिकाणी उद्यान खुलं असलं तरी एखाद्या विशिष्ट वाटेला वेगळा परवाना लागतो. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानातल्या हाफ डोम या सुळक्यावर तारा धरून चढायच्या टप्प्याला तो लागतो आणि सोडत काढून दिला जातो.

त्याहून मोठा घोळ गाडीचा होतो. कॅनडातल्या बॅन्फ उद्यानातल्या मोरेन सरोवराकडे २०२३ पासून खासगी गाड्या नेता येत नाहीत, बसनेच जावं लागतं. अमेरिकेतल्या झायन उद्यानातल्या मुख्य दरीत गर्दीच्या हंगामात उद्यानाची बसच चालते. अशा ठिकाणी पहिल्या बसची वेळ बघताना शेवटच्या बसचीही वेळ लिहून घ्या. शेवटची बस चुकली तर दमलेल्या पायांनी डांबरी रस्ता तुडवत यावं लागतं, आणि तेही पेंगणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन.

सूर्यास्ताला दरवाजे बंद करणारी उद्यानंही असतात. क्रूगरमध्ये दरवाज्यांच्या वेळा महिन्यागणिक बदलतात आणि उशिरा बाहेर पडणाऱ्याला दंड होतो. दिवस आखायला बसलात की कागदावर सगळ्यात आधी ही बंद होण्याची वेळ लिहा आणि तिथून मागे मोजत या.

३. वाट निवडणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. नवखी माणसं किलोमीटरचा आकडा बघून वाट निवडतात, आणि तिथेच फसतात. एक जुना हिशेब उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास. आता दोन वाटा घ्या. एक आठ किलोमीटरची, जवळजवळ सपाट. दुसरी चार किलोमीटरची, पण पाचशे मीटर चढाची. अंतर निम्मं असूनही या हिशेबाने दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागतो, दीड तासाच्या थोडा वर. मुलांचे पाय मात्र दुसरीवर कितीतरी लवकर बोलायला लागतात.

शिवाय हा हिशेब धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. लहान मुलं बरोबर असतील तर येणारा आकडा सरळ दुप्पट करा. समजा वाट जाऊन-येऊन सहा किलोमीटरची आहे आणि चढ तीनशे मीटर. नेस्मिथच्या हिशेबाने पावणेदोन तासांच्या आत. तुमच्या कुटुंबाला साडेतीन तास, वर खाण्यापिण्याचा अर्धा तास. म्हणजे सकाळी आठला चालायला सुरुवात केली तर बाराला गाडीशी. पहिल्या दिवसासाठी एवढं भरपूर झालं. याहून मोठी वाट घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, मग घरातला कुणी रोज दहा किलोमीटर पळत का असेना. कुटुंबाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो.

वाट कुठल्या दिशेने चढते हेही बघा. डोंगरावर आधी चढ असतो, त्यामुळे दमल्यावर मागे फिरलं की उतारच मिळतो. खोल दरीत हे उलटं होतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये माणसं मजेत खाली उतरत जातात, कारण उतरताना काहीच वाटत नाही. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वर चढायला लागतो, आणि तोही उन्हं चढल्यावर, जितकं खाली तितक्या जास्त गरम हवेत. कड्यावरून नदीपर्यंत जाऊन एकाच दिवसात परत येण्याचा प्रयत्न करू नका, असं तिथलं प्रशासन बजावून सांगतं. जिथे वाट आधी खाली जाते तिथे ठरवलेल्या चालण्याच्या वेळेपैकी एकतृतीयांश संपली की वळायचं.

गोल फिरून परत येणारी वाट कागदावर आकर्षक दिसते, कारण तेच ते परत बघावं लागत नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जायचं त्याच वाटेने यायचं असलेली वाट घ्यावी. तिच्यावर कुठूनही मागे फिरता येतं आणि परतताना वाट ओळखीची असते. गोल वाटेवर निम्म्याच्या पुढे गेल्यावर एखाद्याचा पाय मुरगळला तर पुढे आणि मागे सारखंच.

आणि वाटेवर मुलांसाठी काहीतरी हवं. पाच वर्षांच्या मुलाला डोंगरमाथ्याचं आणि तिथून दिसणाऱ्या देखाव्याचं काडीचं कौतुक नसतं. त्याला ओढा, चढता येईल असा खडक, लाकडी पूल, गुहा, बेडूक यांपैकी काहीही चालतं. ही गोष्ट वाटेच्या पहिल्या अर्ध्या भागात असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग तीच मुक्कामाची जागा ठरवता येते. नकाशा वाचायची सवय नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे सौम्य. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचा प्रश्न चढाचा कमी आणि उताराचा जास्त असतो. दम लागला तर थांबता येतं, गुडघे मात्र उतरताना बोंबलतात. चालायच्या दोन काठ्या घ्या, किंवा सरळ दोन गट करा. एक गट वाटेवर जाईल, दुसरा माहिती केंद्राजवळच्या सपाट वाटेवर. मात्र पुन्हा भेटायची जागा आणि वेळ तोंडी पक्की ठरवा. फोन करून कळवतो, हे जंगलात चालत नाही.

४. पाठीवर काय आणि कुणाच्या

पाणी सगळ्यात जड आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या माणसाला मध्यम हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, कडक उन्हात त्याहून जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे चौघांचं चार तासांचं पाणी एकट्या आईच्या किंवा बाबांच्या पाठीवर टाकू नका, वाटून घ्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा गाळणीयंत्रातून काढल्याशिवाय पिऊ नये.

मुलाला स्वतःची छोटी सॅक द्या. तिच्यात त्याची पाण्याची बाटली, खाऊ, पातळ जॅकेट आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. अर्ध्या वाटेत ती सॅक तुमच्या गळ्यात येणार आहे हे धरूनच चाला.

बूट नवे कोरे नकोत. आधी आठवडाभर घरात, रस्त्यावर वापरलेले हवेत. उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी होतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि उताराआधी नाड्या घट्ट करायला हव्यात. सुती मोजे घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि फोड आणतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे. कपड्यांचंही तेच. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्या, म्हणजे चढताना काढता येतात आणि थांबल्यावर घालता येतात. उंचीवर जाल तसं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि त्याच उंचीला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. म्हणजे थंडी वाजत असताना कातडी भाजते. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लागतं.

बाकी पिशवीत हवं ते असं: रेनकोट, प्रत्येकाला एक तरी मोजे-जोड जास्त, पट्ट्या आणि जंतुनाशक, नेहमीची औषधं, विजेरी (दिवसाची सहल असली तरी), कचऱ्यासाठी दोन पिशव्या, कागदी नकाशा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी फोनचं जीपीएस चालतं, पण रेंज शोधत राहून फोन बॅटरी खातो. विमान मोडवर टाकला की ती बरीच टिकते. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

अगदी लहान बाळ असेल तर पाठीवरची बाळझोळी उत्तम, पण एक विसरू नका: तुम्ही चालून घामाघूम झालेले असता आणि ते नुसतं बसून गारठत असतं. त्याच्या मानेला हात लावून अधूनमधून बघत राहा.

५. आदल्या रात्री

सॅक भरून दारात ठेवा. बाटल्या भरा. हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा नव्हे, वाटेच्या उंचीचा बघा. घरी राहिलेल्या एका माणसाला लेखी निरोप पाठवा: कुठलं उद्यान, कुठली वाट, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचं. ही शेवटची वेळ नसेल तर बाकीच्या निरोपाला काही अर्थ नाही.

६. सकाळी दरवाज्याशी

माहिती केंद्र उघडं असेल तर वनरक्षकांना किंवा रेंजरना दहा मिनिटं द्या. आज कुठली वाट चांगली, असा मोघम प्रश्न विचारलात तर मोघम उत्तर मिळेल. त्याऐवजी असं सांगा: सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, चार तास आहेत, पाणी बघायला आवडेल, सुचवा. त्यांना कालच्या पावसाने कुठे चिखल झालाय, अस्वल कुठे दिसलं, कुठला ओढा ओलांडण्याजोगा नाही हे ठाऊक असतं. तुम्ही घरून पक्की केलेली वाट त्यांनी नको म्हटलं तर मुकाट्याने बदला. बऱ्याच उद्यानांत मुलांसाठी प्रश्नांची किंवा चित्रांची पुस्तिका मिळते, ती पूर्ण केली की बिल्ला देतात. अशी पुस्तिका असेल तर जरूर घ्या. चालायचा कंटाळा आलेलं मूल ठसे शोधायच्या नादात किलोमीटरभर सहज काढतं.

शौचालय इथेच उरकून घ्या. वाटेवर ते नसतं. गरज पडलीच तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान साठ मीटर दूर जायचं, वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवायचा आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. वाचायला नकोसं वाटतं, पण मुलांसोबत हा प्रसंग येतोच.

७. वाटेवर

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. मुलं सुरुवातीला सुसाट पळतात आणि तासाभरात बसकण मारतात. वेग असा हवा की चालता चालता बोलता यावं. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. पहिल्या अर्ध्या तासानंतर एकदा थांबून सगळ्यांच्या पायांची चौकशी करा. कुठे चुरचुरत असेल तर तिथे लगेच पट्टी लावायची, फोड येईपर्यंत वाट बघायची नाही. मुलं विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पुढे एक मोठा माणूस, शेवटी एक मोठा माणूस, मुलं मध्ये. कड्याच्या वाटेवर मुलाला डोंगराच्या बाजूला ठेवा. आणि एक नियम पक्का करा: वाटेला फाटा फुटला की जो पुढे असेल तो थांबणार, सगळे आल्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही. माणसं हरवतात ती बहुतेक अशा फाट्यांवरच. पुढचा डावीकडे गेला, मागचा उजवीकडे. फाट्यावर मागे वळून परतीच्या बाजूचा फोटो काढायची सवयही चांगली. येताना तीच जागा उलट्या बाजूने अगदी अनोळखी दिसते.

खाणं थोडं थोडं आणि वारंवार. भूक लागली म्हणेपर्यंत थांबलात तर रडारड आधी येते. सुका मेवा, फळं, खारे दाणे असं काहीतरी दर पाऊण तासाने द्या. फळांची सालंसुद्धा परत आणायची. कुजून जातील म्हणून टाकलेली संत्र्याची साल महिनोन्‌महिने तशीच पडून राहते आणि प्राण्यांना वाटेवर अन्न शोधायची सवय लावते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वळायची वेळ. चालायला लागण्यापूर्वीच ठरवा की दहा वाजले की आपण जिथे असू तिथून मागे फिरणार. ठिकाण आलं नसलं तरी. मग साडेनवाला कुणीतरी म्हणतंच, धबधबा आता जवळच आहे म्हणतात. समोरून येणारे तर पंधरा मिनिटं राहिली एवढंच सांगतात, कायम. ‘आलोच आहोत तर’ या तीन शब्दांनी जेवढी कुटुंबं अंधारात अडकवली असतील तेवढी पावसानेही नसतील. धबधबा राहिला तर राहू दे. दहा म्हणजे दहा.

घड्याळ बंद पडलं तर सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये हात लांब करून बोटं आडवी धरा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटांना तास. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्य बुडाल्यावर अंधार पटकन पडतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संधिप्रकाश रेंगाळतो; तेवढा फरक धरा.

दगडांची लहान लहान चवड वाटेच्या कडेला दिसली तर ती खूण असू शकते. ती पाडू नका आणि खेळ म्हणून नवीही रचू नका. धुक्यात लोक तिच्यावर विसंबून चालतात.

८. प्राणी दिसला तर

यलोस्टोनचा नियम उदाहरण म्हणून घ्या: गवा आणि सांबरासारख्या प्राण्यांपासून निदान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर. मीटर कुणी मोजत बसत नाही, म्हणून एक युक्ती सांगतात. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. अंगठ्याआड प्राणी पूर्ण झाकला जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. मुलांना हा खेळ आवडतो आणि तेच मग मोठ्यांना दटावतात. यलोस्टोनमध्ये माणसांना सगळ्यात जास्त जखमी करणारा प्राणी अस्वल नाही, तिथला गवा, म्हणजे बायसन आहे, कारण तो रस्त्याकडेला शांत चरत असतो आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला जातात.

पिलू एकटं दिसलं तर ते अनाथ आहे असं समजू नका. २०१६ मध्ये यलोस्टोनला आलेल्या पर्यटकांनी बायसनचं वासरू थंडीने कुडकुडतंय असं वाटून गाडीत घातलं. कळपाने ते परत घेतलं नाही, ते पुन्हा पुन्हा गाड्यांकडे येत राहिलं आणि शेवटी उद्यानाला त्याला मरण द्यावं लागलं. हेतू चांगला होता, एवढंच.

खायला घालणं तर नाहीच. माकड, खार, पक्षी, कुणालाच नाही. माणसाकडे खाणं मिळतं हे एकदा कळलं की प्राणी धीट होतो, मग हिसकावतो, मग चावतो आणि मग त्याला पकडून हलवतात किंवा मारतात. टेबलावर उघडं ठेवलेलं जेवण हेसुद्धा खायला घालणंच.

मोठा शिकारी प्राणी समोर आला तर पळायचं नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करणं त्याच्या रक्तात असतं. मुलांना जवळ ओढा, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरा. याहून पुढचं प्रत्येक प्राण्यागणिक वेगळं असतं, म्हणून त्या उद्यानात कुठले प्राणी आहेत आणि त्यांच्यासाठी काय सांगितलंय ते दरवाज्यावरच वाचून घ्या. मुलं मोठ्यांच्या पुढे शंभर पावलं पळतात त्या वळणांवर हा प्रश्न खरा येतो.

९. आभाळ

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, उघडं पठार, एकटं झाड आणि पाणी सोडून खाली या. गाडी किंवा पक्की इमारत गाठता आली तर सगळ्यात उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका. पुष्कळ पर्वतांत उन्हाळ्यातली वादळं दुपारनंतर उठतात. सकाळी चालायचं हे त्यासाठीही.

अरुंद दऱ्यांमध्ये धोका डोक्यावरच्या ढगाचा नसतो. झायनमधल्या नॅरोजसारख्या चिंचोळ्या घळीत, वर निळं आभाळ असताना, दूर वरच्या भागात पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, यांतलं काहीही दिसलं की वस्तू गोळा करत न बसता उंच जागा गाठा.

१०. वाट चुकली तर

मोठ्यांनी थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. शेवटची खात्रीची जागा आठवून तिथवर मागे जाता येतं का बघायचं. झाडीतून थेट खाली उतरायचा मोह टाळा. सरळ दिसणारा उतार खाली कड्याला जाऊन संपतो.

मुलांसाठी वेगळा आणि सोपा नियम आहे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात हरवलेल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर तिथे मुलांसाठी एक उपक्रम सुरू झाला. त्यातला मुख्य धडा असा: हरवलास की एका झाडाला धरून तिथेच थांब. चालत राहणारं मूल शोधपथकापासून दूर जातं, थांबलेलं सापडतं. शिट्टी तीनदा, मग थांबून ऐकायचं, पुन्हा तीनदा. आणि आपल्याला कुणी रागावणार नाही हे त्याला निघण्याआधी सांगून ठेवा. मार बसेल या भीतीने हाका ऐकूनही लपून बसणारी मुलं असतात.

११. दुपार: आता चाकं

गाडीशी आलात की मुलांचे बूट काढा, मोजे बदला, पोटभर खा. यानंतरचा दिवस सैल ठेवा. प्रेक्षणबिंदू तीनच निवडा, सात नकोत. त्यातला एक ठरावीक वेळेचा असेल तर बाकीचे त्याच्याभोवती बसवा. यलोस्टोनचं ओल्ड फेथफुल हे गायझर, म्हणजे उसळणारा गरम पाण्याचा झरा, साधारण दीड तासाने उसळतं आणि पुढच्या वेळेचा अंदाज फलकावर लावलेला असतो. तो आधी वाचला तर उन्हात तासभर ताटकळावं लागत नाही.

प्रेक्षणबिंदूवर माणसं सैलावतात आणि अपघात होतात. कठड्यावर मुलाला बसवून फोटो नको. उष्ण झऱ्यांच्या भागात लाकडी वाटेवरून खाली उतरायचं नाही, कारण जमिनीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी असतं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर नियम बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्यावर बंदी आहे. रस्त्यात प्राणी दिसला तर गाडी मधोमध उभी करू नका, पुढे मोकळी जागा बघून बाजूला घ्या.

मुलं झोपली तर झोपू द्या. एखादा बिंदू वगळला तरी चालेल.

१२. बाहेर पडताना

आधी घरच्या माणसाला फोन करा. रेंज आल्या आल्या, जेवायला थांबायच्या आधी. हा फोन विसरल्यामुळे सुखरूप जेवत बसलेल्या लोकांसाठी शोधपथकं रात्री निघतात.

मुक्कामी पोचल्यावर सगळ्यांचं अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी, केसांत, कानामागे. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढून काढा. तेल लावणं, काडीने चटका देणं असले उपाय करू नका. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. बुटांच्या तळव्यांतली माती घासून तिथेच धुवून टाका, म्हणजे एका जंगलातलं बी दुसऱ्या जंगलात जात नाही. ओले बूट हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर तळवा उकलतो. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवा आणि बोळे रात्रीतून एकदा बदला.